गिरगाव ते फोर्ट: हेरिटेज परिसरातल्या घरा-दुकानांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. गिरगाव, ठाकूरद्वार, काळबादेवी, फोर्ट हा माझा रोजचा पायाखालचा भाग. जिन्यात, गॅलरीत, दुकानाच्या फळीवर बसून लोक जे विचारतात ते बहुतेक सारखंच असतं, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. नियमांतले आकडे अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज करण्याआधी ताजा नियम वॉर्ड ऑफिसात पडताळून घ्या. इथे भर आहे तो एखादी गोष्ट का करायची आणि कशी करायची यावर.

हेरिटेज इमारत आणि हेरिटेज परिसर यांत फरक काय?

इमारत महापालिकेच्या हेरिटेज यादीत येते ती तिच्या स्वतःच्या गुणांवर. परिसर यादीत येतो तो सगळ्या घरांनी मिळून घडवलेल्या चेहऱ्यासाठी.

खोताची वाडी घ्या. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांवरून हे नाव पडलं. त्यांच्याकडून ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईच्याच स्थानिक) ख्रिस्ती कुटुंबांनी जागा घेऊन घरं बांधली. एकेकाळी तिथे पासष्टच्या आसपास घरं होती, आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. यातलं एकेक घर सुटं काढून दाखवलं तर कदाचित कुणी त्याला ऐतिहासिक म्हणणारही नाही. पण रस्त्याला लागून ओटा, बाहेरून वर जाणारा लाकडी जिना, कोरीव कठड्याची गॅलरी, वर मंगलोरी कौलं, आणि हे सगळं एकामागून एक अशा अरुंद गल्लीत की समोरासमोरच्या ओट्यांवर बसून आवाज न चढवता बोलता येतं. हे सगळं मिळून वाडी होते. त्यातलं एक घर जाऊन तिथे पार्किंगचे चार मजले आले की शेजारच्या सहा घरांचा उजेड जातो, वारा जातो आणि ओट्यावर बसायचं कारणही जातं. म्हणून नियम पूर्ण परिसराला लागतो, तुमचं घर कितीही साधं असलं तरी.

हे नियम आले कधी? इंग्रजांच्या वेळी तर कुणी काही विचारत नव्हतं.

विचारत होतं, आणि बरंच कडकपणे. किल्ल्याच्या भिंती १८६० च्या दशकात पाडल्यावर हॉर्नबी रोड रुंद झाला, तोच आजचा दादाभाई नौरोजी मार्ग, म्हणजे डी. एन. रोड. तिथे प्रत्येक मालक आपापल्या हौसेनं बांधत होता. कुणाची गॉथिक, कुणाची निओक्लासिकल. १८९६ मध्ये कायद्यानं बंधन आलं की तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग छत्ता ठेवायचाच. आज भर पावसात छत्री न उघडता तुम्ही त्या रस्त्यानं दुकानाच्या दारापर्यंत पोचता ते त्या नियमामुळे. इमारती वेगवेगळ्या आणि पायथा एक, त्यामुळे रस्ता एकसंध दिसतो.

आजची व्यवस्था १९९५ ची. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ६७ आला, यादी जाहीर झाली आणि वारसा जतन समिती नेमली गेली. भारतातल्या कुठल्याही शहरात असं पहिल्यांदाच घडलं. २०१८ मध्ये नवी नियमावली लागू झाली, त्यात हा विषय नियम ५२ मध्ये आहे. समिती सल्ला देते, परवानगी महापालिका आयुक्तांच्या अधिकारात निघते. ज्याला सगळे ‘हेरिटेजची एनओसी’ (ना-हरकत) म्हणतात ती हीच.

आमची इमारत यादीत आहे की नाही, हे कळायचं कसं?

महापालिकेच्या संकेतस्थळावर यादी आहे. त्याहून पक्कं हवं असेल तर आपल्या सी.एस. नंबरवर (जागेच्या सर्व्हे क्रमांकावर) महापालिकेकडून डी.पी. रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यातला शेरा काढा, इमारत किंवा परिसर हेरिटेज असेल तर त्यात तसं लिहून येतं. शेजारी काय म्हणतात यावर जाऊ नका. ‘आमची ग्रेड वन आहे’ असं अभिमानानं सांगणाऱ्या आणि प्रत्यक्षात यादीतच नसलेल्या इमारती मी पाहिल्या आहेत. उलटंही पाहिलं आहे: अर्धं काम झाल्यावर थांबवण्याची नोटीस आली, तेव्हा कुठे सोसायटीला आपण यादीत आहोत हे कळलं.

ग्रेड म्हणजे काय?

ग्रेड वन म्हणजे देशाच्या पातळीवरची वास्तू, जशी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची. तिथे आत आणि बाहेर काहीही बदलायचं नाही. तिचं आयुष्य वाढवण्यासाठी अत्यावश्यक असेल तेवढंच करायचं. टू-ए मध्ये बाहेरचं रूप राखून आत बदल करता येतात, छाननी होऊन. टू-बी मध्ये त्यासोबत त्याच आवारात मूळ इमारतीशी जुळणारी भर घालता येते. ग्रेड थ्री मध्ये आतबाहेर दोन्हीकडे बदल चालतात, पण आजूबाजूच्या परिसराशी सुसंगत असले पाहिजेत. गिरगावातल्या तुमच्याआमच्या इमारती यादीत असल्या तर बहुधा या शेवटच्या गटात किंवा परिसराचा भाग म्हणून असतात.

हेरिटेज म्हणजे भिंतीत खिळाही ठोकता येत नाही, खरं का?

नाही. ग्रेड वन सोडली तर घराच्या आतली रंगरंगोटी, स्वयंपाकघराचा ओटा, फरशी, नळ, वायरिंग यांत साधारणपणे कुणी आडकाठी करत नाही. भार पेलणारी भिंत, खांब किंवा तुळई यांना हात लावायचा तर परवानगी लागते, आणि ती बिनहेरिटेज इमारतीतही लागतेच.

‘दर्शनी भाग’ म्हणजे नेमका किती?

रस्त्यावरून, गल्लीतून किंवा मैदानातून जे दिसतं ते सगळं. कोपऱ्यावरच्या इमारतीला दोन दर्शनी बाजू असतात. छपरालाही यात धरा. कौलारू घरांत छप्पर हाच अर्धा चेहरा असतो. मागच्या बोळातल्या मोरीच्या भिंतीला तुम्ही मोकळे आहात. पाइप, एसी, मीटर, टाक्या तिकडे न्या.

लाकडी खिडक्या कुजल्यात. काढून ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग लावल्या तर?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि नुकसानही सगळ्यात जास्त इथेच होतं. इमारत पाडायला बिल्डर लागतो. तिचा चेहरा मात्र आपणच एकेक खिडकीनं बदलतो: पहिल्या मजल्यावर काळ्या काचेची स्लायडिंग, दुसऱ्यावर पांढरी, तिसऱ्यावर ग्रीलचा पिंजरा.

आधी खिडकीकडे नीट बघा. शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईच्या खिडकीत बहुधा तीन थर असतात. वर काचेचं व्हेंटिलेटर, कधी रंगीत तावदानाचं. मध्ये लाकडी पट्ट्यांच्या झडपा, पट्ट्या खाली झुकलेल्या, म्हणजे पाऊस बाहेर आणि वारा आत. खाली कठडा किंवा छोट्या आखूड झडपा, जमिनीवर बसणाऱ्या माणसाला वारा मिळावा म्हणून. ही खिडकी पूर्ण उघडते. दोन पल्ल्यांची स्लायडिंग कधीच निम्म्याहून जास्त उघडत नाही. मे महिन्यात वीज गेली की फरक अंगाला कळतो.

आता कुजण्याबद्दल. खिडकी सबंध कुजत नाही, कुजतो तो तळाचा भाग: झडपेची खालची आडवी पट्टी आणि चौकटीचे पायथ्याचे चार-सहा इंच. वरचं बर्मा सागवान टणक असतं. रंगाचे थर खरवडले की आतून मधासारखं निघतं. चांगला सुतार कुजलेला भाग कापून जुन्याच सागवानाचा तुकडा सांध्यानं बसवतो. जुनं सागवान हवं असेल तर पाडकामाचं लाकूड विकणारे व्यापारी आहेत, त्यांच्याकडे जा. बिजागऱ्या आणि खिट्ट्या पितळेच्या असतील तर रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी सुटतात. फेकू नका.

सगळीच खिडकी गेली असेल तर नवी लाकडाचीच, त्याच मापाची आणि त्याच विभागणीची करा. डास आणि आवाजासाठी आतल्या बाजूनं जाळीचा किंवा काचेचा दुसरा पल्ला लावता येतो, तो बाहेरून दिसत नाही. ग्रील हवंच असेल तर चौकटीच्या आत बसवा. बाहेर काढलेला पिंजरा पागोळ्यांचं पाणी थेट भिंतीत मुरवतो.

चुना की सिमेंट? कंत्राटदार म्हणतो चुना आता कुणी वापरत नाही.

ज्याला येत नाही तो वापरत नाही.

जुन्या भिंती दगडविटांच्या, चुन्यात बांधलेल्या असतात. अशी भिंत पावसाळ्यात थोडं पाणी पिते आणि पुढे आठ महिने ते हवेत सोडते. चुन्याचा गिलावा हे होऊ देतो. सिमेंटचा टणक थर त्या भिंतीचं तोंड बंद करतो. पाणी भेगेतून आत जातच राहतं, बाहेर मात्र येऊ शकत नाही, मग ते दुसरी वाट शोधतं आणि भिंतीत रुतलेल्या लाकडाकडे जातं.

ठाकूरद्वारजवळच्या एका चाळीत हे मी हातानं पाहिलं आहे. तीनच वर्षांपूर्वी दर्शनी भिंतीला सिमेंटचा जाड गिलावा झाला होता, वर चकचकीत रंग. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, ‘पलंगाचा पाय त्या कोपऱ्यात खचतोय गं.’ तिथली फळी उचलली. तुळईचं जे टोक भिंतीत रुतलं होतं त्यात स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला, ओल्या बिस्किटात जावा तसा. भिंतीपासून हातभर अलीकडे तीच तुळई ठणठणीत होती, टिचकी मारली तर वाजत होती. शंभर वर्षं काही झालं नव्हतं. तीन वर्षांत टोक गेलं. सिमेंट काढलं, तुळईला लोखंडी पट्ट्यांत धरून नवं टोक जोडलं, भिंत दोन महिने उघडी वाळू दिली आणि मग चुन्याचा गिलावा केला. पहिल्यापेक्षा दुप्पट खर्च आला, कारण आधीचं काम काढण्याचेही पैसे पडले.

चुन्याला वेळ लागतो हे खरं. चुनकळी पाण्यात विरवायची, काही आठवडे मुरू द्यायची, वाळू आणि सुरखी (विटांची पूड) घालून चुन्याच्या घाण्यात मळायची. महाराष्ट्रात त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायची जुनी रीत आहे. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो, म्हणून पहिले काही दिवस ओलं पोतं मारत राहावं लागतं. पाऊस तोंडावर असताना हे काम काढूच नका. दिवाळीनंतर सुरू करा. अंदाजपत्रकात ‘प्लॅस्टर’ एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका. कशाचं, किती थर, कुठल्या प्रमाणात, हे लिहून घ्या.

दगडी दर्शनी भागांनाही हेच लागू. फोर्टातल्या कितीतरी इमारती पिवळसर मालाड दगडाच्या आणि काळ्या बेसाल्टच्या आहेत. त्या दगडाला रंग फासायचा नाही, सांधे सिमेंटनं भरायचे नाहीत आणि साफ करायला वाळूचा मारा करायचा नाही. दगडाची वरची कातडी एकदा निघाली की परत येत नाही.

रंग कुठला द्यायचा? ठरवून दिलेला असतो का?

सगळ्या गल्लीला एकच रंग सक्तीचा, असं काही नाही. जुन्या रंगाचा माग काढता येतो: वळचणीखाली, जिथे ऊन-पाऊस पोचत नाही तिथे, ब्लेडनं हळूच खरवडा, थराखाली थर दिसतात. पणजीच्या फोंताइन्याशमध्ये भिंतींची निळी, पिवळी, तांबडी छटा चुन्यात मिसळलेल्या रंगांतून येते आणि पावसाळ्यानंतर ती नव्यानं दिली जाते, म्हणूनच ती गल्ली इतकी ताजी दिसते. आपल्याकडे खोताच्या वाडीतही भडक रंग आहेत आणि ते तिथलेच आहेत. भडकपणाची मला भीती वाटत नाही. भीती वाटते ती जुन्या भिंतीवरच्या प्लॅस्टिक रंगाची, कारण सिमेंटचं जे काम तेच तोही करतो.

दुकानाचा बोर्ड कसा असावा? बोर्ड लहान केला तर धंदा कसा चालणार?

याचं उत्तर डी. एन. रोडवरच मिळतं. तिथे एक काळ असा होता की कमानी दिसतच नव्हत्या. प्रत्येकानं शेजाऱ्यापेक्षा मोठा बोर्ड लावला आणि शेवटी कुणाचाच वाचता येईना. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हेरिटेज सोसायटीसाठी वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी त्या रस्त्याची मार्गदर्शक तत्त्वं तयार केली: प्रत्येक इमारतीचं रेखाटन आणि बोर्ड नेमका कुठे बसतो याची खूण. दुकानदारांशी बोलून, समजावून बोर्ड हलवले गेले. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्या कामाचा गौरव झाला.

तत्त्व सोपं आहे. बोर्ड कमानीच्या आत, खांबांच्या मधल्या पोकळीत बसवा. कमानीवर किंवा दोन मजल्यांमधल्या नक्षीच्या पट्ट्यावर नाही. सुटी अक्षरं लावता आली तर उत्तम, मागची भिंत दिसत राहते. उजेड आतून पेटणाऱ्या डब्याऐवजी बाहेरून पाडा. बोर्ड बसवताना भोकं दगडात न पाडता दोन दगडांमधल्या सांध्यात पाडा. हे सुताराला आधी सांगा, कारण पाडलेलं भोक बुजवता येत नाही.

मराठी पाट्यांचा नियम आहेच, आणि तो इथे कामालाच येतो. रंगाऱ्यानं हातानं काढलेली ठसठशीत देवनागरी जुन्या कमानीत जितकी शोभते तितकं दुसरं काही शोभत नाही. गिरगावात अशा पाट्या रंगवणारी माणसं अजून सापडतात. त्यांना काम द्या.

धंद्याचं म्हणाल, तर गिऱ्हाईक कमानीखालून चालत येतं. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरचा बोर्ड त्याला दिसतो. वीस फुटांवरचा बोर्ड बसमधल्या माणसाला दिसतो, आणि तो उतरत नाही.

बाल्कनी बंद करून खोली वाढवली तर?

मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडच्या आर्ट डेको शैलीच्या इमारतींत हे वर्षानुवर्षं होत आलं आहे. त्या इमारतींचं सौंदर्य आडव्या रेषांत आहे: गोलाई घेऊन वळणाऱ्या बाल्कन्या, खिडकीवर भुवईसारखे छज्जे, जहाजाच्या कठड्यासारखे लोखंडी पाइप. बाल्कनीला काच लागली की सावली जाते आणि तिच्यासोबत ती रेषाही. खोल्या लहान आहेत, कुटुंब वाढलं आहे, हे मला पूर्ण कळतं. बंद करायचीच असेल तर काच कठड्याच्या आत निदान फूटभर मागे, बिनचौकटीची आणि पारदर्शक घ्या, आणि सोसायटीनं एकच नमुना ठरवा. चाळीतल्या सामायिक गॅलरीला मात्र हात लावू नका. ती सगळ्यांची जाण्यायेण्याची वाट आहे, आणि आग लागली तर बाहेर पडायचीही.

एसी, डिश, वायरी?

मागच्या बाजूला. जागाच नसेल तर बाल्कनीच्या जमिनीवर, कठड्याआड. इमारतीभर लोंबणाऱ्या बंद पडलेल्या केबल एका रविवारी सगळ्यांनी मिळून कापून टाका. परवानगी लागत नाही आणि इमारत लगेच दहा वर्षांनी तरुण दिसते.

आई-बाबांना जिने चढवत नाहीत. लिफ्ट मिळेल का?

बहुतेक इमारतींत मिळू शकते, आणि मागायला संकोच करू नका. ज्या घरात म्हातारी माणसं राहू शकत नाहीत ते घर रिकामं होतं, आणि रिकामं घर सगळ्यात आधी पडतं. जागा शोधायची ती मागे किंवा इमारतीच्या आतल्या चौकात. मूळ लाकडी जिना आणि त्याचा कठडा तसाच राहू द्या. लिफ्टचा सांगाडा लोखंडी, स्वतंत्र पायावरचा असावा. जुन्या भिंतीवर त्याचा भार टाकायचा नाही.

कौलं काढून पत्रा टाकावा का? दर पावसाळ्यात गळतं.

कौल गळत नाही, शाकारणी चुकलेली असते. दर मे महिन्यात कौलं उतरवून झाडायची, फुटकी बदलायची, वासे-रिपा तपासायच्या, ही रीत बंद पडली आणि तिच्या जागी निळी ताडपत्री आली. ताडपत्रीखाली हवा कोंडते आणि वासे घामेजून कुजतात. कौलांखाली फळ्यांवर जलरोधक थर देता येतो, तो बाहेरून दिसत नाही. पत्र्याखाली एप्रिलमध्ये दुपारी बसून पाहा, मग ठरवा.

मोकळ्या जागेवर नवं बांधायचं तर ते जुन्यासारखं दिसलं पाहिजे का?

माझं मत स्पष्ट आहे: जुन्याची नक्कल करू नका. फायबरच्या कमानी आणि प्लॅस्टरचे खोटे खांब चिकटवलेल्या इमारती या परिसराचं जितकं नुकसान करतात तितकं साधी, शांत नवी इमारत करत नाही. नियमाचा शब्द ‘सुसंगत’ असा आहे. सुसंगत म्हणजे शेजाऱ्यांची उंची, मजल्यांच्या रेषा, खिडकीचं उभं प्रमाण, भिंत आणि पोकळी यांचा हिशेब, रस्त्यापासूनचं अंतर. हे पाळलं तर साहित्य आजचं असलं तरी चालतं. ओव्हल मैदानावर उभं राहून पूर्वेकडे बघा, मग वळून पश्चिमेकडे. एकीकडे राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालयाचं व्हिक्टोरियन गॉथिक, दुसरीकडे १९३० च्या दशकातलं आर्ट डेको. पश्चिमेच्या वास्तुविशारदांनी समोरच्याची नक्कल केली नाही, पण उंची आणि ओळ सांभाळली. २०१८ मध्ये या दोन्ही बाजू मिळून, ९४ इमारतींसह, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या.

युनेस्कोत नाव आलं म्हणजे दुरुस्तीला पैसे मिळतात का?

खासगी मालकाला नाही. जबाबदारी मात्र वाढते.

मग खर्च करायचा कुणी? मालक हात वर करतो, भाडेकरूंकडे पैसा नाही.

सगळ्या प्रश्नांचं मूळ इथे आहे. डिझाइनचे नियम कितीही चांगले लिहिले तरी हा हिशेब सुटत नाही तोवर ते कागदावर राहतात.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीला बांधली. त्या वेळी भाडेकरूला संरक्षण हवंच होतं. पण पुढे दशकंच्या दशकं भाडं तिथेच राहिलं, आणि त्या रकमेत एका वर्षाची शाकारणीही होईना. मालकानं दुरुस्ती सोडली. पागडीची (एकरकमी पैसे देऊन भाड्यानं घेतलेली) खोली भाडेकरूच्या मालकीची नाही म्हणून त्यानंही सोडली. १९६९ पर्यंतच्या भाड्याच्या इमारतींकडून उपकर घेऊन त्या दुरुस्त करायची व्यवस्था आली, आज ते काम म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे आहे. गॅलरीखालचे लाकडी टेकू गिरगावकरांना नवे नाहीत. दुसऱ्या बाजूला विकास नियमावलीच्या नियम ३३(७) खाली अशा इमारतींच्या पुनर्विकासात भाडेकरूला मालकीचं, मोठं, लिफ्टचं घर मिळतं. अशा वेळी ‘वारसा जपा’ एवढंच त्याला सांगणं अन्यायाचं आहे, असं मी मनापासून मानते.

२०१२ मध्ये शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी असे भाग प्रस्तावित यादीत आले तेव्हा रहिवाशांनी जोरदार हरकती घेतल्या त्या याच भीतीनं. त्यांना आपल्या घरांबद्दल प्रेम नव्हतं असं अजिबात नाही. यादीत नाव येणार होतं, दुरुस्तीचा पैसा कुठून येणार हे कुणी सांगत नव्हतं.

आजच्या घडीला हातात काय आहे? हेरिटेजमुळे बांधकामाचा जो हक्क वापरता येत नाही त्याच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे तो हक्क दुसऱ्या जागी वापरायची किंवा विकायची मुभा मिळण्याची तरतूद नियमात आहे. मालकानं वकील आणि आर्किटेक्ट सोबत घेऊन तिचा पाठपुरावा करावा. भाडेकरू एकत्र येऊन दुरुस्ती निधी उभारू शकतात. मी पाहिलेल्या यशस्वी कामांपैकी बहुतेक अशीच झाली, टप्प्याटप्प्यानं: पहिल्या वर्षी छप्पर, दुसऱ्या वर्षी पाण्याचे पाइप, मग भिंती. एकदम सगळं करायचा आग्रह धरला की काहीच होत नाही.

‘अतिधोकादायक’ म्हणून नोटीस आली. आता पाडावीच लागेल?

आधी नोटीस नीट वाचा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करायची. सी-२ए आणि सी-२बी म्हणजे कमीअधिक मोठी दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. सी-१ असेल तर वाद नंतर घाला, माणसं आधी बाहेर काढा. यात तडजोड नाही.

मग दुसरं मत घ्या, आणि ते चुना-लाकडाच्या इमारतींचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरचं घ्या. काँक्रीटसाठी घडवलेल्या चाचण्या लाकडी सांगाड्याला जशाच्या तशा लावल्या तर निष्कर्ष चुकतात. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन हॉटेल, हे डोळ्यांसमोर ठेवा. १८६० च्या दशकात इंग्लंडहून सुटे भाग आणून उभी केलेली बिडाच्या लोखंडाची इमारत. ७ जुलै १८९६ रोजी सिनेमाचे फ्रेंच जनक ल्युमिएर बंधू यांचे चित्रपट इथेच दाखवले गेले. ती २०१९ मध्ये रिकामी करावी लागली, आणि पाडायची की वाचवायची यावर तज्ज्ञांत मतभेद होऊन प्रकरण न्यायालयात रेंगाळलं. वीस वर्षं आधी छपराचं पाणी अडवलं असतं तर हा प्रश्न इतका टोकाला गेला नसता.

अर्जासोबत काय जोडायचं?

आजच्या स्थितीचे फोटो, चारही बाजूंचे आणि समोरच्या फुटपाथवरून ओळीतल्या शेजाऱ्यांसकट. मोजमापाची रेखाटनं. काय बदलणार, कुठल्या साहित्यानं, याचं साधं वर्णन. घरात जुना फोटो असेल तर तोही: कुणाच्या लग्नाचा, मुंजीचा, गणपतीचा. मागे दिसणारा कठडा आणि खिडकी हा पुरावाच असतो. एका इमारतीचा गेलेला लाकडी कठडा आम्ही १९५० च्या सुमाराच्या एका बारशाच्या फोटोवरून पुन्हा करून घेतला.

पुण्यात आमचा वाडा शनिवारवाड्याजवळ आहे. तिथेही हेच नियम?

नाही. महापालिकेची हेरिटेज यादी तिथेही आहे, पण शनिवारवाडा केंद्रीय संरक्षित स्मारक असल्यामुळे तुम्हाला दुसरा, जास्त कडक कायदा लागतो. त्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीनं करता येतं. १६ जून १९९२ पूर्वीपासून उभा असलेला वाडा दुरुस्त करण्यासाठी मात्र अर्ज करता येतो. म्हणजे तुमच्या बाबतीत वाडा पडू न देणं हाच जागा टिकवण्याचा मार्ग आहे. पडला तर तिथे पुन्हा उभं करणं फार अवघड.

आम्ही आज, काही खर्च न करता, सुरुवात कुठून करू?

पहिला मोठा पाऊस येईल त्या दिवशी छत्री घेऊन समोरच्या फुटपाथवर उभे राहा आणि अर्धा तास आपल्या इमारतीकडे बघा. पन्हळ कुठे तुंबते, पाइप कुठल्या सांध्यातून फुटलाय, पाणी भिंतीवर कुठे पसरतं, हे त्या अर्ध्या तासात जितकं कळतं तितकं कोरड्या दिवसात केलेल्या तपासणीत कळत नाही. फोटो काढा, तारीख घाला, पुढच्या वर्षी त्याच जागेवरून परत काढा. आणि पाइपाच्या कडेला, छज्ज्याच्या बेचक्यात पिंपळाचं रोप दिसलं तर ते कापून सोडू नका. कापलेला पिंपळ दुप्पट जोरानं फुटतो. बोटभर असतानाच, भिंत ओली आहे तोवर, मुळासकट अलगद ओढून काढा. हातभर झाला की तो दगड घेऊनच बाहेर येतो.